शेजारचं पान

कल्पना करा, तुमच्या वडिलांचं रंगाचं दुकान आहे आणि तुम्हाला एक भिंत रंगवायची आहे. भिंतीवर हिरव्याच्या हजारो छटा हव्या आहेत. काळपट, शेवाळी, पोपटी, अगदी डोळे दिपतील अशा. पण दुकानात डबे आहेत दोनशे छप्पन्न. दोनशे सत्तावन्नावा मागितलात तर मिळणार नाही. मग तुम्ही काय कराल? जी छटा भिंतभर पसरली आहे तिला जास्त डबे द्याल. कोपऱ्यातल्या मंद छटांना सांगाल, बायांनो, तुम्ही चौघी मिळून ह्या एका डब्यात भागवा. दुरून भिंत झकास दिसेल. त्या चौघी मात्र आता एकसारख्या दिसतील. त्यातली एखादी होती त्याहून उजळ, एखादी मळकी.

आता अशा कितीतरी भिंती रंगवा. प्रत्येक भिंतीसाठी डबे नव्याने निवडा, आणि सगळ्या भिंती भराभर डोळ्यांपुढून फिरवा. जिफ म्हणतात ती छोटी हलती चित्रं साधारण अशीच बनतात. मोबाइलवर मांजर उडी मारताना बघायचं असेल तर कुणाचं काही बिघडत नाही. पण त्या भिंतीवर एखादा माणूस काहीतरी शोधत असेल, तर त्याचं वाटोळं होऊ शकतं.

धाकटी अशी चित्रं बनवायचं काम लग्नाच्या आधीपासून करत होती. तिला घरात धाकटी म्हणत, कारण ती धाकटी सून होती. संस्थेतही धाकटीच म्हणत, कारण तिची थोरली जाऊ त्याच संस्थेत वनस्पतींवर संशोधन करायची. पाठीमागे तिला आणखी एक नाव होतं, मिरची. ते तिला ठाऊक होतं आणि त्याचा तिला जराही राग नव्हता.

तिच्या वडिलांचं खरोखरच रंगाचं दुकान होतं. गिऱ्हाईक उशीचा अभ्रा नाहीतर तुटलेली बशी घेऊन यायचं आणि म्हणायचं, भिंत ह्या रंगाची पाहिजे. वडील डब्यात थेंब थेंब रंग सोडायचे आणि शेजारी उभ्या मुलीला विचारायचे, "जुळला का?" ती हो म्हणाली की पुठ्ठ्यावर एक पट्टा ओढून तो पंख्याखाली ठेवायचे. "आता वाळल्यावर सांग." वाळल्यावर बहुतेक वेळा तो जुळलेला नसायचा. ओल्या रंगावर बोलणारा माणूस त्यांना आवडत नसे. मुलीला मात्र ओल्यावर बोलायची सवय शेवटपर्यंत राहिली.

यंत्रांचा डिप्लोमा करून ती संस्थेच्या चित्रखोलीत लागली. तळघरातली खोली, खिडकी नाही, मध्ये एक भलामोठा सूक्ष्मदर्शक, कडेला दोन संगणक आणि सतत घुं घुं करणारा पंखा. शास्त्रज्ञ आपापले नमुने आणून द्यायचे, ती त्यांच्या फिती घ्यायची आणि जिफ बनवून सगळ्यांच्या सामायिक फोल्डरमध्ये टाकायची. तिथेच थोरलीने तिला हेरलं. हात चलाख, जीभ तिखट, डोळा पक्का. थोरलीने घरी जाऊन दिरासाठी हे स्थळ सुचवलं. "मीच शोधून आणलीय," असं ती लग्नात चार जणांना सांगत होती.

पहिली काही वर्षं दोघी एकाच स्कूटरवरून कामाला जायच्या. थोरली चालवायची, धाकटी मागे बसून तिला "ताई, डावीकडे घ्या, ताई, तो बघा आडवा आला" असं करत राहायची. थोरली वरच्या मजल्यावर राहायची, धाकटी खाली सासूबाईंबरोबर. मधल्या जिन्यावरून भाजीच्या वाट्या दिवसभर वर-खाली व्हायच्या.

मग एकदा वर पाहुणे आले होते. त्यांच्यातल्या एका बाईने विचारलं, "तुमची धाकटी जाऊपण तिथेच का? तीपण शास्त्रज्ञ?" थोरली चहा ओतत होती. मान वर न करता म्हणाली, "छे हो, ती बटणं दाबते." पाहुणे हसले. थोरलीने ते वाईट मनाने म्हटलं होतं असं नाही. तिला चहा सांडायचा नव्हता, एवढंच. पण धाकटी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती.

"आणि ह्या पानं मोजतात," धाकटी म्हणाली. तांब्या टेबलावर ठेवला आणि खाली निघून गेली.

त्या दिवसापासून अबोला. स्कूटर थोरलीकडे राहिली, धाकटी बसने जाऊ लागली. वाट्या बंद झाल्या. ताई गेली, मॅडम आली, आणि तीही तोंडावर नाही. सासूबाई दोघींमधलं टपालखातं झाल्या.

"आई, वर सांगा, टाकी भरून वाहतेय," धाकटी अंगणातून म्हणायची.

"आई, खाली सांगा, मला कान आहेत," थोरली गॅलरीतून म्हणायची.

"दोघी मिळून मला पगार तरी सुरू करा," सासूबाई म्हणायच्या. "टपालवाल्याला निदान गणवेश मिळतो."

संस्थेतलं टपालखातं म्हणजे माळीकाका. रोपांच्या खोलीचं काम त्यांच्याकडे होतं. थोरलीची रोपं ट्रेमध्ये घालून ते तळघरात आणायचे. ह्या रोपांमध्ये एक खास गोष्ट होती. त्यांचं पान कापलं की निळ्या प्रकाशाखाली ते हिरवं चमकायचं, जणू त्याला लागलेलं दिसायचं. धाकटीने सूक्ष्मदर्शकाखाली एक पान ब्लेडने चिरायचं आणि पुढे काय होतं त्याची फीत घ्यायची, असं काम होतं.

"मॅडम म्हणाल्या, डावं पान कापायचं, उजव्याला हात लावायचा नाही," माळीकाका म्हणाले.

"मॅडमना म्हणावं, डावं-उजवं मला शाळेत असताना शिकवलंय."

"खरंच म्हणू?"

"म्हणा की."

"नको. मला निवृत्त व्हायचंय सुखाने."

थोरलीला जे हवं होतं ते कापलेल्या पानात नव्हतंच. तिला शेजारचं पान हवं होतं. एका पानाला इजा झाली की न दुखावलेल्या शेजारच्या पानालाही ती कळते का, आणि कळली तर तेही उजळतं का, हे तिला बघायचं होतं. ती सामायिक फोल्डरमधून जिफ उचलायची आणि शेजारच्या पानाचा उजेड फ्रेममागून फ्रेम मोजायची. सगळ्या छटा जशाच्या तशा असलेल्या मूळ फाइली चित्रखोलीतल्या संगणकात होत्या. त्या हव्या असतील तर तळघरात उतरून धाकटीच्या समोर उभं राहावं लागलं असतं, आणि तोंड उघडावं लागलं असतं. थोरलीने जिफवर भागवलं.

आणि जिफमध्ये शेजारचं पान उजळत होतं. दर वेळी. कापलेलं पान भडकलं रे भडकलं की शेजारचंही हळूच उजळायचं आणि ते शांत झालं की हेही मावळायचं.

संस्थेत बोलबाला झाला. विभागप्रमुख जेवणाच्या सुट्टीतसुद्धा पानाबद्दल बोलू लागले. ठरलं असं की थोरलीने सगळ्यांसमोर हे काम मांडायचं, आणि ते पसंत पडलं की तिच्या हाताखाली एक नवा विभाग काढायचा. त्या विभागात रोपांची खोली येणार होती आणि चित्रखोलीही. म्हणजे ती खिडकी नसलेली खोली, तो सूक्ष्मदर्शक, ते दोन संगणक आणि त्यांच्यापुढे बसलेली धाकटी, सगळं एका सहीने थोरलीचं होणार होतं.

ही बातमी माळीकाकांनी ट्रे ठेवता ठेवता दिली.

"म्हणजे उद्यापासून मी बटणंपण त्यांना विचारून दाबायची," धाकटी म्हणाली.

"मी काही बोललो नाही," माळीकाका म्हणाले आणि ट्रे तिथेच ठेवून गेले.

त्या दिवशी तिने थोरलीच्या सगळ्या जिफ एका ओळीने बघितल्या. आत्तापर्यंत तिने त्या बनवल्या होत्या, बघितल्या नव्हत्या. आता डोळ्यांत तेल घालून बघू लागली, कारण तिला काहीतरी खोट सापडायला हवी होती. तिला सत्य वगैरे काही शोधायचं नव्हतं. तिला आपली खोली वाचवायची होती आणि थोरलीचं नाक खाली करायचं होतं, ह्याच क्रमाने की उलट्या, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

खोट सापडली ती पानात नाही, कोपऱ्यात. प्रत्येक चित्राच्या खाली मापासाठी एक मंद करडी रेघ असते. कापलेलं पान भडकलं की शेजारचं पान उजळत होतं, ते ठीकच. पण त्याच क्षणी ती करडी रेघही किंचित हिरवट होऊन उजळत होती. आणि रेघेला कुणी कापलं नव्हतं.

ती खुर्चीत मागे रेलली. मग तिला सगळं लख्ख दिसलं. कापलेलं पान भडकलं की त्या फ्रेममध्ये झगझगीत हिरव्याच्या शेकडो छटा एकदम घुसायच्या आणि डबे पळवायच्या. मंद छटांच्या वाट्याला दोन-चार डबे उरायचे. शेजारचं मंद पान, करडी रेघ, सगळ्यांना एकाच डब्यात कोंबलं जायचं, आणि तो डबा त्यांच्याहून जरा उजळ असायचा. पान उत्तर देत नव्हतं. पानाचे डबे पळवले जात होते.

आणखी एक गोष्ट होती, जी थोरलीलाही खटकायला हवी होती. शेजारचं पान त्याच क्षणी उजळायचं. इजेची खबर देठातून जायला काहीतरी वेळ लागणारच. इथे खबर निघायच्या आधी पोचत होती.

धाकटीने अलीकडच्या रोपांच्या मूळ फाइली काढल्या. त्यांच्यात शेजारचं पान मोजलं. आकडे सपाट. काही नाही. जुन्या रोपांच्या मूळ फाइली मात्र नव्हत्या. चित्रखोलीचा नियम होता, तीन महिन्यांनी मूळ फाइली पुसायच्या, जागा मोकळी करायची. ज्याला हव्या त्याने त्याआधी घेऊन जाव्यात. तशी सूचना दारावर लावलेली असायची. थोरलीच्या जड फाइली पुसताना धाकटीला प्रत्येक वेळी बरं वाटलं होतं. थोडं जास्तच.

घरी तिने हे नवऱ्याला सांगितलं. तो चपला काढत होता.

"मग वर जाऊन सांग की वहिनीला."

"माझं बोलणं बंद आहे."

"आईकडून सांग."

"आईंना रंगांची पेटी समजावून सांगू? त्या वर जाऊन सांगतील, धाकटीचे डबे चोरीला गेले."

"अगं, पण त्या सगळ्यांपुढे उभ्या राहून बोलणार आहेत. त्यांचं हसं होईल."

"माझं झालं तेव्हा तू तिथेच बसला होतास. बिस्किट खात."

नवऱ्याने दुसरी चप्पल काढली. सांगायला पूर्ण आठवडा होता. धाकटीने तो आठवडा चित्रं शेजारी शेजारी जुळवण्यात घालवला. डावीकडे थोरलीची जिफ, उजवीकडे तीच फीत पण सगळ्या फ्रेमना मिळून एकच रंगपेटी, म्हणजे तेच दोनशे छप्पन्न डबे, दिलेली.

सभेच्या दिवशी मोठी खोली भरली होती. थोरली चांगली बोलली. तिचा आवाज मुळात शांत, हात कमी हलवायचे अशी तिची पद्धत. शेवटी पडद्यावर जिफ फिरत राहिली. पान भडकतंय, शेजारचं उजळतंय, पुन्हा पहिल्यापासून. कुणी प्रश्न विचारणार का, असं विभागप्रमुखांनी म्हणताच मागच्या रांगेतून धाकटी उठली.

"माझ्याकडे एक चित्र आहे," ती म्हणाली आणि सरळ पुढे जाऊन आपल्या लॅपटॉपची तार जोडली.

पडद्यावर दोन्ही फिती शेजारी शेजारी फिरू लागल्या. डावीकडे पान उत्तर देत होतं, उजवीकडे ते मख्ख होतं. धाकटीने करड्या रेघेवर बोट ठेवलं. "ही रेघ पण उत्तर देतेय. हिला कधी कापलं?"

दोघे-तिघे हसले. ज्यांना कळलं ते हसले नाहीत. थोरली पडद्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा बदलला नाही, पण हातातला कागद तिने दोनदा दुमडला.

"प्रत्येक फ्रेमला वेगळी रंगपेटी द्यायची, हे कुणी ठरवलं?" तिने विचारलं. थेट धाकटीला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"मी."

"का?"

धाकटीने उत्तर तयार केलेलं नव्हतं. "चित्र छान दिसतं म्हणून."

"छान दिसतं म्हणून," थोरलीने ते शब्द जमिनीवर ठेवावेत तसे ठेवले. "म्हणजे ही उजळती पानं तू बनवलीस. मी फक्त मोजली."

"मोजायला मूळ फाइली असतात. जिफ बघायला असते, मोजायला नाही. हे बटण दाबणाऱ्या बाईलाही माहीत असतं."

"कुठायत मूळ फाइली?"

"नव्या आहेत. जुन्या पुसल्या. नियम आहे. दारावर सूचना होती."

"तुझ्या दारावर."

"हो, माझ्या दारावर. तिथे यायला जिना आहे."

"एकदा सांगू शकली असतीस."

"तुम्ही एकदा मागू शकला असतात."

पडद्यावर दोन्ही पानं फिरत होती. विभागप्रमुखांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "हे घरचं भांडण घरी करा. काम मात्र मागे घ्यावं लागेल." थोरलीने मान हलवली, कागद पर्समध्ये टाकला आणि बाहेर गेली. अबोला असा सुटला. भर सभेत, सगळ्यांच्या देखत.

नवा विभाग बारगळला. चित्रखोली धाकटीचीच राहिली. लोक तळघरात यायचे तेव्हा आता जरा जपून बोलायचे. कुणी शाबास म्हटलं नाही. एकाने तर आपल्या सगळ्या जुन्या जिफ परत तपासून मागितल्या, आणि त्याच्या आवाजात आदर नव्हता, संशय होता. छान दिसतं म्हणून, हे शब्द संस्थेत फिरत राहिले. मिरची हे नाव मागे पडलं. आता तिला "छान" म्हणू लागले.

घरी सासूबाईंनी टपालखातं बंद केलं. "तोंडं उघडलीत ना दोघींची? आता तुमचं तुम्ही बघा. मी मोकळी." पण मोकळं कुणीच नव्हतं. दोन्ही भाऊ सकाळी अंगणात गाड्या पुसताना एकमेकांकडे पाठ करून उभे राहू लागले. वरून धुण्याचं पाणी आता खालच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडायचं, आणि ते चुकून पडत नव्हतं.

माळीकाका एकदा रिकाम्या हातांनी तळघरात आले. "मॅडमनी सगळे ट्रे भट्टीत घालायला लावले," ते म्हणाले. "एक रोप ठेवलं नाही."

"बियापण?"

"बियांचं पाकीट त्यांच्या पर्समध्ये असतं. ते मी कसं बघणार?" मग जाता जाता म्हणाले, "तुम्हाला काय करायचंय पण आता बियांचं?"

तेव्हा तिला खरंच काही करायचं नव्हतं.

काही आठवड्यांनी एका दुपारी ती संगणकातली जुनी अडगळ काढत होती. त्यात एक फोल्डर होतं, "वाया" नावाचं. फसलेल्या फिती ती त्यात टाकायची. त्यातही जिफच उरल्या होत्या, मूळ फाइली कधीच्या गेल्या होत्या. एकेक उघडून ती पुसत होती. धूसर झालेली, काच फुटलेली, दिवा मध्येच गेलेली.

मग एक फीत उघडली ती थोरलीच्या रोपाची होती. हा दिवस तिला आठवला. ब्लेडने पान चिरताना तिच्या हाताचा धक्का लागला आणि काचपट्टी सरकली. कापलेलं पान चौकटीच्या बाहेर गेलं. चौकटीत उरलं फक्त शेजारचं पान. कापलेलं पानच दिसत नाही म्हटल्यावर फीत काय कामाची, म्हणून तिने ती "वाया"मध्ये टाकून दुसरं रोप घेतलं होतं. थोरलीपर्यंत ती कधी पोचलीच नव्हती.

धाकटीचं बोट पुसायच्या बटणावर होतं. पडद्यावर मंद हिरवं पान होतं, सपाट, मख्ख. काही होत नव्हतं. बराच वेळ काही होत नव्हतं. आणि मग ते उजळलं. उजेड देठाकडून सुरू झाला, हळूहळू टोकाकडे पसरत गेला, जरा थांबला आणि मावळला. फीत संपली आणि पुन्हा सुरू झाली.

तिने बोट मागे घेतलं.

आधी तिने रेघ बघितली. करडी रेघ करडीच होती, शेवटपर्यंत. मग तिने फ्रेमच्या रंगपेट्या उघडून बघितल्या. भडक हिरवा कुठेच नव्हता. डबे पळवणारं कुणी चौकटीत नव्हतंच. सगळे दोनशे छप्पन्न डबे त्या एका मंद पानासाठी होते. आणि उजेड लगेच आला नव्हता. देठातून खबर यायला लागेल तेवढा वेळ घेऊन आला होता.

तिने स्वतःशी भांडून पाहिलं. काचपट्टी सरकली तेव्हा पानही जरा उचललं गेलं असेल, म्हणून उजळ दिसलं असेल. पण मग ते सरकताच दिसलं असतं, इतक्या उशिराने नाही. दिवा कमी-जास्त झाला असेल. पण मग सगळी चौकट उजळली असती, फक्त पान नाही, आणि तेही देठाकडून नाही. नव्या मूळ फाइलींत पान सपाट होतं खरं, पण त्या फिती ती कापलेलं पान शांत झालं की थांबवायची, आणि ही मात्र दुसरं रोप काढेपर्यंत चालूच राहिली होती. पानाला धक्क्याने स्वतःलाच काही लागलं असेल. हे असू शकत होतं. हे मूळ फाइल असती तर कडा मोठ्या करून बघता आलं असतं. मूळ फाइल तिने पुसली होती. स्वतःच्या हाताने, बरं वाटून घेत.

संध्याकाळी ती जिना चढली. दोन वर्षांत ह्या जिन्यावर तिचं पाऊल पडलं नव्हतं. वरच्या पायरीवर कुणाचे तरी ओले बूट होते, ते ओलांडून तिने दार वाजवलं. थोरलीने दार उघडलं पण दाराची कडी हातातच ठेवली.

"काय?"

"एक फीत सापडलीय. तुमच्या रोपाची." धाकटीने मोबाइल पुढे केला. "कापलेलं पान ह्यात नाहीच. चौकटीबाहेर गेलं होतं. तरी हे उजळतंय. आणि उशिराने उजळतंय."

थोरलीने मोबाइल हातात घेतला नाही, पण बघितलं. एकदा पूर्ण बघितलं. फीत पुन्हा सुरू झाली तेव्हाही तिची नजर हलली नाही.

"मूळ?"

"नाही."

"अर्थातच नाही."

"ताई, तुमच्याकडे बिया असतील तर मी..."

"ताई म्हणू नकोस मला."

"मॅडम. बिया असतील तर पुन्हा करता येईल. मूळ फाइल मी स्वतः आणून देते तुमच्या हातात."

"आणि मग?" थोरलीचा आवाज तसाच शांत होता. "मी परत सगळ्यांपुढे उभी राहू? आणि तू मागच्या रांगेत बस. तुला तेव्हा जिंकायचं होतं, जिंकलीस. खोली तुझ्याकडे आहे. आता हे खरं निघालं तर तुझं काय होईल, हा विचार केलास का?"

"केला."

"आणि खोटं निघालं तर माझं काय होईल?"

धाकटीने पुढे केलेला मोबाइल खाली घेतला.

"ओल्या रंगावर बोलतेस तू," थोरली म्हणाली. वडिलांची ती गोष्ट धाकटीने तिला स्कूटरवर मागे बसून सांगितली होती, कधीतरी. "जा खाली."

"बिया आहेत का, एवढं तरी सांगा."

दार बंद झालं. आपटलं नाही, नेहमीसारखं बंद झालं.

धाकटी खाली आली. सासूबाई टेबलाशी बसून शेंगा सोलत होत्या. त्यांनी फक्त वर बघितलं; तुमचं तुम्ही बघा, हे त्यांनी टपालखातं बंद केल्यापासून पहिल्यांदाच मनापासून पाळलं. धाकटी त्यांच्यासमोर बसली आणि मोबाइल टेबलावर उभा ठेवला. फीत फिरत होती. जिफला शेवट नसतो, ती पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, आणि दर वेळी पान तितकाच वेळ थांबून तितकंच उजळत होतं.

"काय गं हे?" सासूबाई शेवटी म्हणाल्या.

"पान आहे. उजळतंय. दिसतंय ना तुम्हाला?"

"दिसतंय की. माझे डोळे चांगले आहेत."

"देठाकडून?"

"देठाकडून." सासूबाईंनी एक शेंग फोडली. "त्याला काय झालंय?"

"त्याला काही झालं नाही. लागलं ते दुसऱ्याला, आणि ते ह्यात दिसतच नाही."

"मग हे कशाने उजळतंय?"